नरांच्या ट्रेमधल्या सात माद्या

माझी मावशी रेशीमकिड्यांच्या बीजकेंद्रात एकतीस वर्षं नोकरीला होती, आणि त्या एकतीस वर्षांत तिला एकच गोष्ट ठरवायची असायची. हातात आहे तो नर की मादी? दिवसाला सहा-सात हजार वेळा ती हे ठरवायची. बाकी आयुष्यात तिच्या वाट्याला ठरवण्यासारखं फारसं काही आलं नाही. लग्न वडिलांनी ठरवलं, नवरा आजारपणात लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. केंद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं, म्हणून ती तिथे चिकटली ती चिकटलीच.

आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तेराव्या-चौदाव्या दिवशी मावशी आली, माझी बॅग स्वतःच भरली आणि म्हणाली, "चल. रडायचं तर माझ्याकडे बसून रड, आणि सोमवारपासून कामाला ये." असं मी तिच्या घरात आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर एकाच आठवड्यात येऊन बसले.

आमच्या हॉलमध्ये चौदा बायका होत्या. उत्तरेच्या खिडक्यांखाली एक लांबलचक टेबल, त्यावर पांढरा कागद, प्रत्येकीच्या डाव्या-उजव्या हाताला एकेक टोपली. अळीने स्वतःभोवती विणलेला कोष कापला की आतून बोटाच्या पेराएवढी, तपकिरी, गुळगुळीत वस्तू निघते. अळी संपलेली असते आणि पतंग अजून व्हायचा असतो, त्या मधल्या अवस्थेतली. तिला प्युपा म्हणतात. तो पाठीवर उताणा करायचा आणि शेपटीकडच्या वळ्या बघायच्या. एका वळीवर केसाएवढी उभी रेघ, फुली मारल्यासारखी दिसली, तर मादी. तिच्या खालच्या वळीवर नुसतं एक टिंब असलं, तर नर. मादी डावीकडे, नर उजवीकडे.

हे सगळं कशासाठी, तर पतंग बाहेर पडले की अर्ध्या तासात जोड्या लागतात. त्यांना दुसरं कामच नसतं; तोंड असून खाता येत नाही, पंख असून उडता येत नाही. शेतकऱ्यांना द्यायचं बियाणं संकरित असावं लागतं, एका जातीची मादी आणि दुसऱ्या जातीचा नर असं. एकाच ट्रेमध्ये एकाच जातीचे नर-मादी राहिले की भावाबहिणींची लग्नं लागलीच समजा. मग ती अंडी फेकून द्यायच्याच लायकीची. म्हणून पतंग होण्याआधीच, प्युपा असतानाच, त्यांना वेगळं करायचं.

बायका मावशीला "भिंग" म्हणायच्या. ती भिंग कधी वापरायची नाही, म्हणूनच. प्युपा तिच्या बोटांत एकदाच फिरायचा, तोवर तिचं ठरलेलं असायचं. कधी कधी तर ती बघायचीही नाही, तळहातावरच्या वजनावरून टोपलीत टाकायची, कारण मादी जड असते. पडताळणीत तिची चूक कधी सापडली नाही असं म्हणतात. मी स्वतः पाहिलेल्या सहा वर्षांत तरी नाही.

शिकवताना ती फार कडक होती. मी एखादा चुकवला की तो प्युपा माझ्यासमोर ठेवायची आणि काही न बोलता बसून राहायची, मी स्वतःच बघेपर्यंत. एकदा वैतागून मी म्हटलं, "मावशी, हजारात एक-दोन चालतात की!"

"कोणाला चालतात?" ती म्हणाली. "तुला चालतात. त्या ट्रेला नाही चालत."

केंद्रात एक तरुण शास्त्रज्ञ आली. औषधपाण्याची डॉक्टर नव्हे, पण सगळे तिला डॉक्टरबाईच म्हणायचे. तिची खोली हॉलच्या टोकाला होती, आणि इतर साहेबलोक जसे दारातूनच बोलून जायचे तशी ती नव्हती. स्टूल ओढून आमच्या टेबलाशी बसायची, चहा आमच्यातच घ्यायची. मावशीच्या हाताकडे तासन्‌तास बघत राहायची. मावशीलाही ती आवडायची. त्या दोघींना एकमेकींचं काम कळत होतं, एवढंच कारण पुरेसं असावं.

एका दुपारी मावशीनेच विषय काढला. "बाई, पतंग झाल्यावर नर-मादी कोणालाही ओळखू येतात. मादी पोटुशी, नर सडपातळ, त्याच्या मिशा पिसासारख्या. मग अळी असतानाच का नाही दिसत फरक? तेव्हाच दिसला असता तर आमचे डोळे वाचले असते."

"अळीला वेगळं दिसून करायचंय काय?" डॉक्टरबाई म्हणाली. "तिला फक्त खायचंय. खाण्यात नर काय, मादी काय. वेगळं दिसणं फुकट नसतं, मावशी. त्याचा काही फायदा झाला तरच ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. नराच्या मिशा मोठ्या का? मादीचा वास ज्याला आधी लागला, तो आधी पोचला, त्याची संतती झाली. ज्याला लागला नाही, त्याचं काहीच उरलं नाही. मादीचं पोट मोठं का? जास्त अंडी जिच्या पोटात मावली, तिच्या लेकी जास्त झाल्या. लाखो वर्षं असं चाळत चाळत आलंय. चाळणारं कोणी नव्हतं, तरी चाळलं गेलं."

"आणि त्यांच्या अंगात असतं काय वेगळं?"

"जवळजवळ काहीच नाही. दोघांकडे सामान तेच. कुठला दिवा लावायचा आणि कुठला विझवायचा, एवढाच फरक. पण मादीत एक गुणसूत्र असं असतं, जे नरात नसतंच. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला. लेकाच्या हाती ते कधीच लागत नाही."

"आईचे दागिने," मावशी म्हणाली.

डॉक्टरबाई हसली. "अगदी तसंच. आणि मला त्या दागिन्यांच्या डब्यात एक जास्तीची वस्तू ठेवायची आहे."

ती वस्तू म्हणजे अळीच्या पाठीवरचे काळे डाग. आमच्या एका जातीच्या सगळ्याच अळ्यांवर डाग असायचे, नर असो वा मादी. डॉक्टरबाईचं म्हणणं असं, की क्ष-किरणांच्या माऱ्याने गुणसूत्रं तुटतात आणि कधीतरी भलत्याच ठिकाणी जोडली जातात. डाग पाडणारा तुकडा तुटून नेमका त्या मादीच्या गुणसूत्राला चिकटला, आणि बाकीचं रक्त साध्या, बिनडागी जातीचं केलं, तर डाग फक्त लेकींना मिळतील. मग अळी असतानाच लांबून कळेल, डागांची ती मादी, साधी तो नर. असं नेमकं जुळणं म्हणजे लाखांत एखाद्या वेळची गोष्ट. म्हणून किरण मारत राहायचं, पिलावळ वाढवत राहायचं आणि प्रत्येक पिलावळीची नर-मादी तपासत राहायची. तपासायला अशी व्यक्ती हवी जी चुकत नाही.

दोन वर्षं मावशीने हे काम केलं. हॉलमधलं रोजचं काम सांभाळून. डॉक्टरबाई तिला दोन टोपल्या द्यायची, कुठली डागांच्या अळ्यांची आणि कुठली साध्यांची हे न सांगता, म्हणजे मनाचे खेळ नकोत. मावशी निवडायची आणि आकडे लिहून द्यायची. दरवेळी दोन्ही टोपल्यांत नर-मादी अर्धेअर्धे निघायचे.

मग एका सकाळी ती पहिली टोपली निवडत असताना तिचे हात थांबले. मी शेजारीच होते. मावशीचे हात मध्येच थांबलेले मी कधी पाहिले नव्हते. तिने दुसरी टोपली ओढली, तीही निवडली. मग डॉक्टरबाईच्या खोलीशी जाऊन म्हणाली, "पहिल्या टोपलीत एकही नर नाही. दुसरीत एकही मादी नाही. मी दोनदा पाहिलं."

डॉक्टरबाईने आपली वही उघडून बघितली आणि ती रडायलाच लागली. आम्हा सगळ्यांसमोर तिने मावशीला मिठी मारली. मावशी हात बाजूला धरून उभी होती, बोटांना प्युप्याचा चीक लागलेला होता म्हणून.

त्या दिवशी केंद्रात सगळ्यांना मिठाई वाटली. आम्ही चौदा जणींनी ती खाल्ली.

आपण काय खाल्लं हे सगळ्यांत आधी मावशीला कळलं. त्याच रविवारी भांडी घासताघासता ती मला म्हणाली, "आता हे काम आंधळाही करील."

"मग?"

"मग काय! डोळसांना कशाला ठेवतील?"

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरबाईला तसं सरळ विचारलंही. डॉक्टरबाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "असं नाही होणार. तुमच्या डोळ्यांची गरज कायम लागेल, मी लिहून देते." आणि तिने खरंच लिहून दिलं. तो कागद कुठल्या फाइलीत गेला देव जाणे. वर्षभरात तिला दुसऱ्या, मोठ्या संस्थेत बोलावणं आलं आणि ती गेली. तिच्या खोलीला कुलूप लागलं, सूक्ष्मदर्शकासकट.

नवी जात वाढवून पुरेशी व्हायला अडीच वर्षं लागली. मग केंद्राच्या व्यवस्थापकांनी, त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, हॉलमध्ये येऊन सांगितलं की आता अळ्याच वेगळ्या करता येतात, ते काम रोजंदारीवरच्या मुली करतील. चौदापैकी दोघी राहतील. प्रत्येक तुकडीतले शंभर प्युपे नमुन्यादाखल बघून खात्री करायची आणि रजिस्टरवर सही करायची, एवढ्यापुरत्या.

एक मावशी, हे उघडच होतं. दुसरी कोण, ते त्यांनी तिलाच विचारलं, सगळ्यांसमोर.

मी तिच्याकडे बघत होते. सहा वर्षं मी तिच्या घरात राहिले होते. त्याच वर्षी माझं लग्न झालं होतं, नवऱ्याचं काम धड नव्हतं, पोटात चौथा महिना होता. तिला हे सगळं माहीत होतं. माझ्या उलट्यांची भांडी तिनेच उचलली होती.

मावशी म्हणाली, "थोरली."

थोरली म्हणजे हॉलमधली वयाने सगळ्यांत मोठी बाई, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

साहेबांनाही आश्चर्य वाटलं. "आणि तुमची भाची?"

"थोरली हजारात एक चुकते," मावशी म्हणाली. "ही तीन."

तिने खोटं सांगितलं नव्हतं. मी तीनच चुकायचे. पण हॉलमध्ये कोणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं, आणि ते हसू अजून माझ्या कानात आहे. मी एप्रन काढून खुर्चीच्या पाठीला अडकवलं आणि निघाले. त्या संध्याकाळी मावशी आमच्या घरी आली. मी दार उघडलं नाही. ती बराच वेळ बाहेर उभी होती, खिडकीतून तिची सावली दिसत होती. मग गेली.

मी एका लाँड्रीत लागले. वाफेच्या इस्त्रीवर. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग पडले. मुलगी झाली, तेव्हा मावशीने झबली पाठवली. मी ती शेजारणीच्या बाळाला देऊन टाकली. रस्त्यात दिसली तर मी दुसऱ्या बाजूने जायचे. बाकीच्या अकरा जणींनीही तिच्याशी बोलणं टाकलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की हिच्याच हाताने आमचं वाटोळं झालं. थोरली तेवढी बोलायची, आणि दोन वर्षांनी तीही निवृत्त होऊन लेकीकडे निघून गेली. तिच्या जागी कोणाला घेतलं नाही. मग त्या लांब टेबलाशी मावशी एकटीच.

चार वर्षं अशी गेली.

एका दुपारी लाँड्रीत मी चादरींच्या घड्या घालत होते, तेव्हा ती दारात उभी राहिली. केस पुरते पांढरे झाले होते. हातात पुठ्ठ्याची छोटी पेटी, बुटांच्या पॉलिशची डबी ठेवतात तेवढी. मालक जेवायला गेला होता.

"पाच मिनिटं दे," ती म्हणाली. "आत येत नाही. इथेच बोलते."

मी इस्त्री बंद केली.

तिने सांगितलं ते असं. साध्या अळ्यांच्या, म्हणजे नरांच्या, नव्या तुकडीतले शंभर प्युपे तिने तपासले आणि तिला सात माद्या दिसल्या. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, एखादी असती तर रोजंदारीच्या मुलींची चूक समजलो असतो. सात म्हणजे दोष तुमच्या डोळ्यांत आहे. त्यांनी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागला होता.

"म्हणजे त्यांचंही बरोबर असेल," मावशी म्हणाली. "मला रेघ दिसते. पण हल्ली दिव्याभोवतीही रेघा दिसतात. भिंगातून बघावं तर धुकंच मोठं होऊन दिसतं. कापून बघावं तर प्युपा झाल्याच्या तिसऱ्या दिवशी आत नुसता चीक असतो, अंडी दिसायला अजून चार-पाच दिवस जातात. आणि ट्रे आजच नरांच्या खोलीत जायचेत. सहीसाठी सगळं अडलंय." तिने पेटीचं झाकण काढलं. आत कापसावर सात प्युपे होते. "नियमात बसत नाही, तरी आणलेत. तू बघ. तुझे डोळे तरुण आहेत."

"दुसरं कोणी नाही मिळालं?"

"ज्यांना येतं त्या कोणी माझ्याशी बोलत नाहीत," ती म्हणाली. "आणि मी शिकवलेली तूच."

मी पेटी घेऊन खिडकीशी गेले. चार वर्षांत विसरले असेन असं वाटलं होतं, पण बोटांनी आपसूक पहिला प्युपा उताणा केला. रेघ दिसली. उभी, बारीक, फुलीसह. दुसरा. तिसरा. सातही. शंकेला जागाच नव्हती. नवशिक्या मुलीलाही कळलं असतं. हातालाही ते जड लागत होते.

मी सातही बघून झाल्यावर उगाच पुन्हा एकदा बघितले. त्या वेळात माझ्या मनात काय चाललं होतं ते मी खूप वेळा आठवून पाहिलंय. मोठं काही नव्हतं. हॉलमधलं ते हसू होतं, आणि मनगटावरचा त्याच आठवड्यात भाजलेला ओला फोड होता.

"नर आहेत," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे. टिंब स्वच्छ दिसतंय."

"वजनाला जड लागतात गं."

"यंदा पाला चांगला असेल. नरही जड होतात." मी पेटी तिच्या हातात दिली. "डोळे गेले तुझे, मावशी. सही कर आणि मोकळी हो."

ती थोडा वेळ पेटीत बघत राहिली. मग झाकण लावलं आणि म्हणाली, "बरं झालं तुला विचारलं." आणि जाताना माझ्या मनगटाकडे बघून, "याला मध लाव, फोड फोडू नकोस."

तिने त्या दुपारी सही केली. "सर्व नर, खात्री केली," असं लिहून.

पतंग बाहेर यायला अजून आठ-नऊ दिवस होते. केंद्र लाँड्रीपासून वीस मिनिटांवर. मी कधीही जाऊन सांगू शकले असते. पहिल्या दिवशी वाटलं, जाईन उद्या. दुसऱ्या दिवशी वाटलं, त्यांचं ते बघतील, आपल्याला काय! तिसऱ्या दिवसापासून मी त्यावर विचार करणं बंद केलं, आणि ते मला किती सहज जमलं याचीच आता भीती वाटते.

पतंग निघाले त्या सकाळी काय झालं ते मला रोजंदारीवरच्या एका मुलीने नंतर सांगितलं. नरांच्या खोलीचं दार उघडलं तर ट्रेट्रेमध्ये पोट फुगलेल्या पांढऱ्या माद्या बसलेल्या, आणि त्यांच्याभोवती नर फडफडतायत. बहुतेक जोड्या लागून गेलेल्या. शंभरात सात हा नमुन्याचा आकडा. आत एकेका ट्रेमध्ये वीस-वीस निघाल्या. नर-मादी निवडून ठेवलेली ती अख्खी तुकडी वाया गेली. त्या हंगामाचं बियाणं देता आलं नाही. साहेबांनी रजिस्टर मागवलं आणि सहीवर बोट ठेवलं.

मावशी म्हणाली, "सही माझीच आहे."

"तुम्ही आधी सात म्हणत होतात. मग खात्री कशी झाली?"

"चूक झाली," ती म्हणाली. याच्यापुढे एक शब्द नाही. माझं नाव तिने घेतलं नाही. घेतलं असतं तरी माझं कोणी काय वाकडं करणार होतं? मी तिथे नोकरीला नव्हते. तरीही नाही घेतलं.

तिला निवृत्तीच्या दोन वर्षं आधी घरी बसवलं. निरोप वगैरे नाही. एकतीस वर्षं जी बाई चुकली नाही तिची पहिली चूक पुढे वर्षभर लोकांच्या तोंडी होती, आणि आमच्या त्या अकरा जणींनी ती चवीने चघळली.

चौकशीसाठी डॉक्टरबाईला बोलावलं होतं. तिने सगळ्या पिढ्यांच्या वह्या तपासून सांगितलं की तीन पिढ्यांपूर्वी एका मादीत तो चिकटवलेला तुकडा गळून पडला असणार. तिच्या लेकी बिनडागी झाल्या आणि साध्या दिसतात म्हणून नरांत धरल्या गेल्या, वाढत गेल्या. साहेबांना ती हॉलमध्ये उभी राहून जे बोलली ते त्या रोजंदारीच्या मुलीने जसंच्या तसं ऐकलं होतं. "अळीला त्या डागांचा काडीचा उपयोग नाही. उपयोग आपल्याला आहे. पतंगाच्या मिशा निसर्ग सांभाळतो, कारण मिशा गेल्या तर वंश जातो. हे डाग गेले तर किड्याचं काही जात नाही. म्हणून ते आपणच सांभाळायचे असतात, दर पिढीत, जाणत्या डोळ्यांनी. मी लिहून दिलं होतं. तुम्ही बारा जणींना काढलंत आणि तेराव्या बाईचं ऐकलं नाहीत."

मग ती मावशीच्या घरी गेली आणि तिने विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं ना? मग सही का केलीत?" मावशीने तिलाही तेच सांगितलं. चूक झाली.

या प्रकरणाचा फायदा झाला तो मला. केंद्राने तपासणीसाठी पुन्हा सहा जागा काढल्या. जुन्यांपैकी काही गाव सोडून गेल्या होत्या, काहींचे डोळे उतरले होते. मला पत्र आलं. कायम नोकरी, खिडकीजवळची जागा. ती मावशीची जागा होती.

पत्र घेऊन मी तिच्याकडे गेले. चार वर्षांनी त्या घरात पाऊल ठेवलं. ती पलंगावर बसून वाटाणे सोलत होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर हिरवी झापड. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रेघ स्वच्छ दिसली होती, सातही माद्या होत्या, मी जाणूनबुजून नर म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पेटी मी खिडकीत ठेवली होती. पतंग बाहेर आले त्या सकाळी कामावर निघायच्या आधीच उघडली. सातही पोटुश्या. केंद्रात जायच्या आधीच मला कळलं होतं, तिथे काय बघायचंय ते."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेऊन काय सांगणार होते? भाची चुकली म्हणून?" तिने एक शेंग फोडली. "तू हजारात तीन चुकायचीस, ते मी स्वतः सांगितलं होतं. ही चूक नव्हती. जी चूक नव्हे तिचा आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा?"

मी रडायला लागले. तिने मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"थोरलीचं नाव सांगितलं तेव्हा वाटलं होतं, की तू सहा महिने रागावशील," ती शेंगा सोलता सोलता म्हणाली. "खरं बोललं की माणूस आज ना उद्या समजून घेतं, असं मला वाटायचं. मला माणसं ओळखायचा सराव नव्हता."

"मी ही नोकरी घेत नाही," मी म्हटलं.

"घे. न घेऊन काय, मला परत बोलावणार आहेत? पोरीला शाळेत घालायचंय तुला." आणि मग, पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड वळवून, "तू माझी नोकरी घालवलीस त्याचं एवढं काही नाही. दोन वर्षांनी जाणारच होती. पण मला सात दिसले होते, आणि मी माझं न मानता तुझं मानलं. तेव्हापासून मला स्वतःचं काही खरं वाटत नाही. दूध नासलंय की नाही, हे शेजारणीला विचारून येते. समोरून येणारी बस कुठली, ते दोघातिघांना विचारते. ऑपरेशनने दिसेल सगळं, डॉक्टर म्हणतात. दिसतंच आहे. दिसण्याचा प्रश्नच नाही."

मी नोकरी घेतली. आता तिला अकरा वर्षं झाली. डॉक्टरबाईने नवी जात काढून दिली, तिच्याही दर पिढीचे प्युपे आम्ही तपासतो. माझ्या चुका हजारात एकाच्याही खाली आल्या आहेत. नव्या मुलींना मी शिकवते तेव्हा त्या म्हणतात, बाई फार कडक आहे.

मावशी त्यानंतर सहा वर्षं जगली. फटकून वागली असती तर कदाचित मला सोपं गेलं असतं; पण ती येत राहिली. रविवारी यायची, जेवायची, माझ्या मुलीची वेणी घालायची, माझ्या स्वयंपाकात मीठ कमी आहे म्हणून सांगायची. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, मावशी-भाचीचं किती गूळपीठ! फक्त एक होतं. सुईत दोरा गेला का, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, अंगणात उभं आहे ते कोण, असलं काही विचारायचं असलं की ती माझ्या नवऱ्याला हाक मारायची. तो घरात नसला तर पोरीला. आणि पोरही खेळायला गेली असली, तर वस्तू मांडीवर ठेवून कोणीतरी येण्याची वाट बघत बसायची. मी तिथेच, हाताच्या अंतरावर, भाजी निवडत बसलेली असायचे.